‘पुणे’ शोधताना ‘पुण्याई’ सापडते तेव्हा

तीनशे पानांच्या मराठी पुस्तकाच्या फाइलमध्ये ‘पुणे’ कुठे कुठे आले आहे ते शोधायचे आहे, असे समजा. कंट्रोल-एफ दाबून ‘पुणे’ टाइप केले तर हाती फारसे काही लागत नाही, कारण मराठीत गावाचे नाव मूळ रूपात फार वेळ टिकत नाही. माणसे पुण्याला जातात, पुण्यात राहतात, पुण्याहून परततात. या रूपांचे ‘पुणे’शी काही नाते आहे हे संगणकाला ठाऊक नसते. मग त्याला एक साचा लिहून द्यावा लागतो: पु(णे|ण्या). म्हणजे आधी ‘पु’, त्यानंतर ‘णे’ किंवा ‘ण्या’. आता पुण्यात, पुण्याहून, पुणेकर, पुणेरी सगळे सापडतात. त्यांच्या पाठोपाठ ‘पुण्याई’ही येते, ‘पुण्यात्मा’ही येतो. आणि ‘पुण्याचे काम’ आले, तर ते महापालिकेच्या खात्यावरचे की चित्रगुप्ताच्या, हे साच्याला कळायला मार्ग नसतो.

अशा साच्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, बोलताना रेजेक्स. संगणकाच्या वर्गात ईमेलचा पत्ता नीट लिहिला आहे का, मोबाइल नंबरात दहा आकडे आहेत का, एवढे तपासण्यापुरता तो शिकवतात. त्यामुळे तो प्रोग्रामरांच्याच कामाचा आहे असा समज होतो. खरे तर कोशकार, मुद्रितशोधक, अनुवादक, डीटीपी करणारे आणि जुनी पुस्तके संगणकावर आणणारे यांना त्याची गरज जास्त आहे, म्हणून हा आढावा त्यांच्या बाजूने घेतला आहे. माझे मत आधीच सांगतो. ‘रेजेक्स मराठीत चालत नाही’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. साच्यांची भाषा भक्कम आहे. अक्षर म्हणजे काय आणि शब्द कुठे संपतो, याची साधनांत आयती भरलेली व्याख्या मात्र इंग्रजीच्या मापाची असते, आणि आपण ती मुकाट्याने वापरत राहतो.

या साच्यांचा उगम मज्जासंस्थेच्या अभ्यासात आहे. वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींचे जाळे गणिती भाषेत मांडले. अशा जाळ्याला कोणकोणत्या घटनामालिका ओळखता येतील, हा प्रश्न गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशनसाठी हाताळला. तो निबंध १९५६ मध्ये छापून आला. एकामागोमाग एक येणे, दोहोंपैकी एक असणे आणि पुन्हा पुन्हा येणे, एवढ्या तीन क्रियांत अशा सगळ्या मालिका सांगता येतात, हे त्यांनी दाखवले. ‘पुन्हा पुन्हा’साठी त्यांनी वापरलेली तारका आजही वापरली जाते.

कागदावरचे हे गणित एडिटरात आणले केन थॉम्पसन यांनी. क्यूईडी नावाच्या एडिटरची आपली आवृत्ती लिहिताना त्यांनी त्यात साच्यांनी शोधण्याची सोय केली आणि १९६८ मध्ये तिची रीत प्रसिद्ध केली. साचा वाचून त्यातून आयबीएम ७०९४ या यंत्रासाठी थेट यंत्रभाषेतला प्रोग्राम तयार व्हायचा. पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत असताना थॉम्पसन यांनीच ‘ईडी’ हा ओळीओळीने चालणारा एडिटर लिहिला. त्यातून ग्रेप हे शोधाचे साधन कसे निघाले ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. बेल लॅब्जमधल्या ली मॅकमहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’चा अभ्यास करायचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७–८८ मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले ते ८५ निबंध. त्यांतल्या काहींचा लेखक नेमका कोण हा जुना वाद होता, आणि भाषेच्या लकबींवरून त्याचा माग काढायचा होता. एवढा मजकूर ईडीच्या पोटात मावेना. म्हणून थॉम्पसन यांनी ईडीतला शोधाचा भाग वेगळा काढून त्याचा स्वतंत्र प्रोग्राम केला. ईडीमध्ये ‘सगळीकडे शोध, साचा हा, सापडलेली ओळ छाप’ ही आज्ञा जी, आरई, पी या अक्षरांनी द्यायची असे. त्यांचेच ग्रेप झाले, आणि १९७३ च्या युनिक्समध्ये ते सगळ्यांना मिळाले. आज प्रोग्रामरांची मिरास समजले जाणारे हे हत्यार मुळात ‘हा मजकूर कोणी लिहिला’ या प्रश्नापायी घडले.

त्यानंतर घराणे वाढले. मॅकमहन यांनीच सेड लिहिले, १९७७ मध्ये ऑक आले, १९८७ मध्ये लॅरी वॉल यांचे पर्ल आले. पर्लने साच्यांच्या भाषेत इतकी भर घातली की बाकीच्यांना तिची नक्कल करावी लागली. फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली पीसीआरई ही लायब्ररी तर पर्लसारखे साचे इतर प्रोग्रामांना मिळावेत यासाठीच आहे. परिणाम असा की आज रेजेक्स नावाची एक भाषा उरलेली नाही, तिच्या बोली झाल्या आहेत. विम या एडिटरात गोल कंसाआधी बॅकस्लॅश लागतो, दुसरीकडे तोच बॅकस्लॅश कंसाची जादू काढून घेतो. एका ठिकाणी चाललेला साचा दुसरीकडे चालला नाही म्हणजे आपली अक्कल कमी, असे मानण्याचे कारण नाही.

बोलीभेदापेक्षा गंभीर भेद आतल्या इंजिनाचा आहे. थॉम्पसन यांच्या रीतीत सगळ्या शक्यता एकाच वेळी पुढे सरकतात, त्यामुळे मजकूर कितीही आडमुठा असला तरी वेळ त्याच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. पर्लच्या वळणाची इंजिने एक वाट धरतात, अडली की मागे येतात आणि दुसरी धरतात. एरवी हे खपून जाते. पण ^(अ+)+$ असा साचा घ्या आणि त्याला तीस ‘अ’ व शेवटी एक ‘ब’ अशी ओळ द्या. तीस ‘अ’चे गट ५३ कोटींहून जास्त प्रकारे पाडता येतात, आणि शेवटचा ‘ब’ जुळत नाही म्हणून इंजिन ते एकेक करून पाहत बसते. रस कॉक्स यांनी २००७ मध्ये याची जाहीर झडती घेतली. अशाच धाटणीच्या एका साच्याने २९ अक्षरे तपासायला पर्लला साठ सेकंदांहून जास्त वेळ लागला, थॉम्पसन यांच्या रीतीला वीस मायक्रोसेकंद. चाळीस वर्षांपूर्वी छापलेली रीत विसरून जग हळू रीतीकडे गेले, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

त्याची किंमत कोणी मोजली याचीही नोंद आहे. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर कंपनीने सुरक्षेचा एक नवा नियम जगभरच्या सर्व्हरांवर एकदम लावला. त्यातल्या साच्यात ‘काहीही, कितीही’ अशा अर्थाचे टिंब-तारका दोन-तीनदा लागोपाठ आले होते. सर्व्हरांचे प्रोसेसर त्यातच गुंतून पडले आणि त्या कंपनीच्या आधाराने चालणारी संकेतस्थळे २७ मिनिटे कोलमडली. त्याआधी २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले होते. तिथला साचा तर ओळीच्या टोकांच्या मोकळ्या जागा छाटण्याइतका निरुपद्रवी होता. एका मजकुरात सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या आणि प्रत्येक जागेपासून नव्याने मोजणी सुरू झाली, म्हणजे जवळपास वीस कोटी तपासण्या. गूगलचे आरईटू हे इंजिन आणि गो व रस्ट या भाषांची इंजिने थॉम्पसन यांच्या वाटेने जातात आणि अशा सापळ्यात अडकत नाहीत. त्या बदल्यात काही सोयी सोडाव्या लागतात. ‘आधी आलेला शब्दच पुन्हा आला आहे का’ हे त्यांच्या साच्यात विचारता येत नाही. ‘आणि आणि’ असे दुबार पडलेले शब्द पकडायला मुद्रितशोधकाला नेमकी हीच सोय लागते, म्हणून दुसऱ्या घराण्यालाही मोडीत काढता येत नाही.

आता एडिटर. बिल जॉय यांचा व्हीआय आणि रिचर्ड स्टॉलमन यांचा इमॅक्स दोन्ही १९७६ चे. व्हीआयचा वारस विम १९९१ मध्ये आला. यांची भांडणे पुष्कळ चघळून झाली आहेत, ती इथे नकोत. माझ्या मते विम आणि इमॅक्स यांची मोठी देणगी रेजेक्सच्या पलीकडची आहे: केलेल्या कृती रेकॉर्ड करून पुन्हा चालवणे, म्हणजे मॅक्रो. दोनशे नोंदींच्या सूचीत आडनाव पुढे आणायचे आहे आणि काही नोंदींत मधले नाव नाही, अशा वेळी सगळ्यांना पुरून उरणारा साचा लिहीत बसण्यापेक्षा एका नोंदीवर हाताने केलेली कृती रेकॉर्ड करून पुढच्या नोंदींवर चालवणे सोपे जाते. चुकले तर कुठे चुकले तेही तिथल्या तिथे दिसते. सब्लाइम टेक्स्ट आणि व्हीएस कोड यांनी एकाच वेळी अनेक ठिकाणी कर्सर ठेवण्याची सोय घरोघरी पोचवली, तीही याच जातीची.

रॉब पाइक यांनी १९८७ मध्ये वेगळाच आक्षेप घेतला होता. युनिक्सची सगळी हत्यारे ओळ हाच घटक धरून चालतात, मजकूर मात्र तसा नसतो. त्यांच्या सॅम या एडिटरात आधी साच्याने तुकडे पाडायचे, मग त्या तुकड्यांवर दुसरा साचा चालवायचा. गद्य लिहिणाऱ्याला हे चटकन पटावे. आपला परिच्छेद संगणकाच्या लेखी एकच लांबलचक ओळ असतो, आणि ग्रेपला ती सापडली म्हणजे अख्खा परिच्छेद तोंडावर येऊन आदळतो.

मराठी मजकुराचे बहुतेक काम मात्र या एडिटरांत होतच नाही. ते वर्डमध्ये आणि इनडिझाइनमध्ये होते. वर्डमधल्या शोधात ‘वाइल्डकार्ड’ नावाची सोय आहे. ती रेजेक्ससारखी दिसते, पण तिच्यात ‘हे किंवा ते’ म्हणण्याची उभी रेघच नाही, त्यामुळे पु(णे|ण्या) हा साचा तिथे लिहिता येत नाही, दोनदा शोधावे लागते. इनडिझाइनमध्ये २००७ पासून शोधाच्या चौकटीत ग्रेप याच नावाचा टॅब आहे. पुस्तकाच्या मांडणीतले अवतरणचिन्हांपुढचे अंतर, आकड्यांमधल्या रेघा, चुकून पडलेल्या दोन-दोन मोकळ्या जागा हे सगळे तिथे मिनिटात उरकते. फुकटातले लिबरऑफिस रायटर या बाबतीत वर्डच्या पुढे आहे. त्यात खरा रेजेक्स आहे, आणि त्याचे इंजिन युनिकोडचे नियम पाळते. हे दुसरे वाक्य महत्त्वाचे का, ते पुढे येईल.

साच्यांची मुळाक्षरे थोडी आहेत. टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. तारका म्हणजे आधीचे चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा, अधिकचे चिन्ह म्हणजे निदान एकदा, प्रश्नचिन्ह म्हणजे असले तर असो. चौकोनी कंसात चिन्हांचा संच देता येतो: [०-९]+ म्हणजे मराठी आकड्यांची कोणतीही सलग रांग. गोल कंसात पकडलेला भाग बदलीच्या खान्यात त्याच्या क्रमांकाने परत वापरता येतो. ([०-९]+)-([०-९]+)-([०-९]+) या साच्याने दिवस-महिना-वर्ष अशी तारीख तीन गटांत पकडली आणि बदलीच्या खान्यात गटांचे क्रमांक उलटे लिहिले की हजार तारखा एका दमात वर्ष-महिना-दिवस अशा होतात. मजकुरातले आकडे मराठी असले तरी गटांचे क्रमांक इंग्रजी आकड्यांतच द्यावे लागतात, एवढे फक्त लक्षात ठेवायचे.

हे झाले पुस्तकी. देवनागरीत पाऊल टाकले की पहिलाच प्रश्न टिंबाचा येतो. ‘कोणतेही एक चिन्ह’ म्हणजे युनिकोडमधला एक संकेतांक, आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. ‘विद्यार्थी’ आपल्या कानाला तीन अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याचे दहा तुकडे: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. तीन टिंबांचा साचा त्याच्या ‘विद’पाशीच संपतो. हो+ असे लिहून ‘होहोहो’ सापडेल अशी अपेक्षा ठेवली तर फसगत होते, कारण अधिकचे चिन्ह फक्त शेवटच्या तुकड्याला, म्हणजे ओकाराला, लागू होते. (हो)+ असे कंसात घातले की काम होते. काही इंजिनांत अख्खे अक्षर एकदम उचलणारी खूण आहे, पण तीही बराच काळ जोडाक्षराचे दोन तुकडे करत असे. ‘क्ष’ तिच्या लेखी एक अक्षर नव्हते. देवनागरी जोडाक्षर सलग धरावे असा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. तो सगळ्या साधनांत झिरपायला वेळ लागणार.

आता शब्दाकडे येऊ. एका लेखात ‘मत’ काढून सगळीकडे ‘अभिप्राय’ घालायचे ठरले आणि सरसकट बदल केला. लेखात ‘गंअभिप्राय’, ‘किंअभिप्राय’ आणि ‘संअभिप्रायी’ उगवतात. यावर पाठ्यपुस्तकी उपाय म्हणजे शब्दाच्या सीमेची खूण, बॅकस्लॅश आणि इंग्रजी बी. ती ‘मत’च्या दोन्ही बाजूंना लावली की स्वतंत्र ‘मत’ तेवढाच सापडावा. इंग्रजीत सापडतो. मराठीत काय होते ते कोणत्या इंजिनाला विचारता यावर आहे. जावास्क्रिप्टच्या लेखी शब्द फक्त इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अधोरेघ यांचाच बनतो, त्यामुळे देवनागरी शब्दाला तिथे सीमाच नसते आणि काहीच सापडत नाही. पायथनबरोबर येणारे आरई हे मोड्यूल देवनागरी व्यंजनांना अक्षर मानते, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना मानत नाही. त्याला ‘मराठी’तले शब्द मोजायला सांगितले तर ते दोन सांगते: ‘मर’ आणि ‘ठ’. ‘किंमत’मध्ये अनुस्वारापाशी त्याच्या मते शब्द संपतो, म्हणून सीमेची खूण लावूनही ‘किंअभिप्राय’ काही टळत नाही. रस्टचे इंजिन आणि लिबरऑफिस वापरते ते आयसीयू मात्र युनिकोडच्या शिफारशीप्रमाणे मात्रांना शब्दात धरतात आणि बरोबर उत्तर देतात. व्हीएस कोडमध्ये तर दोन्ही नमुने नांदतात. उघडलेल्या फाइलमधला शोध जावास्क्रिप्टच्या इंजिनावर चालतो, आणि सबंध फोल्डरमधला शोध मुख्यतः रस्टमध्ये लिहिलेल्या रिपग्रेपवर. तोच साचा एका खिडकीत रिकाम्या हाताने परततो आणि दुसऱ्या खिडकीत बरोबर उत्तर आणतो. याला मराठीची गुंतागुंत म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात.

याहून कपटी चूक आपण स्वतःच करतो. शाळेत ‘अ पासून ज्ञ पर्यंत’ म्हणायची सवय असते, म्हणून चौकोनी कंसात [अ-ज्ञ] लिहून मोकळे होतो. ‘ज्ञ’ हा युनिकोडमध्ये एक संकेतांक नाही, तो ज, हलन्त आणि ञ असा आहे. त्यामुळे इंजिन या संचाचा अर्थ ‘अ ते ज, शिवाय हलन्त, शिवाय ञ’ असा लावते. झ पासून ह पर्यंतचे जवळजवळ सगळे गळते आणि चुकल्याचा इशाराही मिळत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने साचा निर्दोष आहे. व्यंजनांसाठी [क-ह] लिहावे. वर्णमालेत ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ त्यात राहून जाईल अशी शंका येते, पण युनिकोडमध्ये त्याची जागा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये आहे, त्यामुळे तो आपोआप येतो.

दिसायला एक आणि आतून वेगळे, हा देवनागरीचा पुढचा फास. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या मराठी मजकुरात, आणि पुढेही पुष्कळ काळ, लोक ‘अ’वर चंद्र देऊन भागवत असत. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधाला दिसतो. ‘ऑ’ तीन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध, ‘आ’वर चंद्र देऊन किंवा ‘अ’ला चंद्र असलेला काना लावून. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला र तर खास आपला. तो नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडूनही येतो आणि साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकूनही येतो. हे सगळे भेद युनिकोडच्या प्रमाणीकरणाने मिटत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ती समतुल्य रूपे नाहीत. ते आपल्यालाच साच्यांनी मिटवावे लागतात. कोणत्याही मराठी मजकुरावर काम सुरू करण्याआधी ही चार-पाच रूपे एकसारखी करून घेणे हे पहिले काम. ते न करता शब्दसंख्या आणि वारंवारितेचे तक्ते काढणाऱ्यांच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

रेजेक्सने मराठीची सर्वांत मोठी चाकरी केली ती जुन्या फाँटांच्या बाबतीत. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या प्रणाल्या आणि शिवाजीसारखे फाँट यांवर दोन दशके वर्तमानपत्रे, प्रकाशने आणि सरकारी कचेऱ्या चालल्या. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकारांचे तुकडे बसवलेले असत. फाँट काढून घेतला की पानावर रोमन कचरा उरतो. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा म्हणजे नुसते एकास एक बदलून भागत नाही. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या वळणाच्या फाँटांत ‘भ’, ‘ध’, ‘ण’, ‘श’ ही अक्षरे अर्धे रूप अधिक काना अशी टाइप होतात. म्हणून ‘अर्धे रूप आणि काना’ ही जोडी आधी बदलायची आणि सुटे अर्धे रूप नंतर. क्रम चुकला तर प्रत्येक ‘भ’च्या जागी पाय मोडलेला ‘भ’ आणि मागे लोंबणारा काना असे ध्यान उभे राहते.

पहिली वेलांटी आणि रफार यांची खोड आणखी वेगळी. जुने फाँट दिसते त्या क्रमाने साठवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. दिसताना वेलांटी व्यंजनाच्या आधी असते, म्हणून ती तिथेच साठवलेली. तिला उचलून संपूर्ण जोडाक्षरापलीकडे ठेवायचे तर साचा असा लागतो: ि(([क-ह]्)*[क-ह]). वेलांटी, मग पाय मोडलेली व्यंजने कितीही, मग एक पूर्ण व्यंजन. बदलीच्या खान्यात आधी पहिला गट, मग वेलांटी. ‘स्थिती’, ‘क्लिष्ट’ जागेवर येतात. (साच्यातल्या वेलांटीला आणि हलन्ताला आधार द्यायला व्यंजन नसल्याने एडिटर तिथे तुटक रेघांचे वर्तुळ दाखवतो. घाबरू नये.) रफाराचे याच्या उलट: तो दिसतो आणि साठवला जातो अक्षराच्या शेवटी, पण युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त अक्षराच्या आधी यावे लागतात. साच्यात फक्त व्यंजन धरले तर ‘धर्म’ सुधारतो आणि ‘मार्गी’ तसाच राहतो, कारण त्यात व्यंजन आणि रफार यांच्यामध्ये वेलांटी येते. व्यंजनसमूह, त्यावरची मात्रा, मग रफार असे तिन्ही साच्यात घेतले की ‘आर्थिक’सुद्धा नीट बसतो. मराठी फाँट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरांच्या पोटात बहुतेक असेच साचे क्रमाने मांडलेले असतात, आणि कन्व्हर्टर चांगला की वाईट हे त्या क्रमावर ठरते.

एवढ्या यशानंतर माणूस शुद्धलेखनाकडे वळतो, आणि तिथे साच्यांची हद्द येते. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम आले, १९७२ मध्ये आणखी ४, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. जुन्या पुस्तकांतले ‘नाहीं’, ‘घरें’, ‘त्यांनीं’ आजच्या लेखनात आणायचे तर ‘शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा मात्रेवरचा अनुस्वार काढ’ हा साचा सहज सुचतो आणि बऱ्याच अंशी चालतो. पण ‘नाहींत’ शब्दाच्या मधे अनुस्वार घेऊन बसलेला असतो. तो काढायला साचा सैल केला तर ‘मुलींत’चाही अनुस्वार जातो, आणि तो तर आजही हवाच. दोन्ही शब्दांचा शेवट अक्षरशः एक. एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नामाचे अनेकवचन, आणि तो भेद चिन्हांत कुठेच लिहिलेला नाही. त्यातच पुस्तकात कोकणी संवाद असतील तर साधा साचाही घात करतो, कारण देवनागरी कोकणीत ‘हें’, ‘तें’, ‘म्हजें’ यांतले अनुस्वार उच्चारातले आहेत. अशा ठिकाणी शब्दांची यादी लागते आणि एकेक जागा दाखवून ‘बदलू का?’ असे विचारणारा एडिटर लागतो. इमॅक्स, विम, वर्ड, लिबरऑफिस या सगळ्यांत ही सोय आहे. ‘सगळे बदला’ या बटणाशेजारीच असते, पण तिला गिऱ्हाईक कमी. जुन्या पुस्तकाचे लेखन बदलूच नये, शोधासाठी हवी तर वेगळी प्रत करावी, असे माझे मत आहे.

हद्दीचा सैद्धांतिक भाग थोडक्यात. क्लीनींच्या अर्थाने जो रेग्युलर आहे त्या साच्याला मोजता येत नाही. कंसात कंस, त्यात कंस, असे कितीही खोल गेलेले कंस बरोबर मिटले आहेत का हे त्याला कळत नाही. म्हणून एचटीएमएल किंवा एक्सएमएल फायली रेजेक्सने फोडू नयेत, त्यांच्यासाठी पार्सर असतात. एखाद्या कोशाची एकसुरी मांडणी असलेली फाइल याला अपवाद करता येते, पण त्यातली ‘पाहा’, ‘पर्यायी रूप’ अशी वाकडी वळणे शेवटी हातानेच सोडवावी लागतात.

अलीकडे या सगळ्याला फाटा देऊन मजकूर थेट चॅटच्या मॉडेलला देऊन ‘सुधारून दे’ म्हणण्याची चाल पडली आहे. ‘पुण्याचे काम’ आणि ‘नाहींत’-‘मुलींत’ यांतले भेद ती बऱ्याचदा ओळखतात, आणि रेजेक्सला ते कधीच जमणार नव्हते. पण न सांगितलेले वाक्यही ती हळूच सुबक करून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच मजकूर दिला तर वेगळे काही करतात. तीनशे पानांत असे कुठे झाले ते शोधणे हे मूळ कामाहून अवघड होऊन बसते. त्यापेक्षा मॉडेलकडून साचा लिहून घ्यावा, तो वाचावा, मूठभर पानांवर चालवून पाहावा आणि मग सगळ्या मजकुरावर लावावा. साचा चुकला तर सगळीकडे सारखाच चुकतो, म्हणून तो पकडता आणि परतवता येतो.

कोणत्याही वाटेने बदल केला तरी आधीची आणि नंतरची प्रत शेजारी ठेवून तपासणे सुटत नाही. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये फरक दाखवण्याची नेहमीची रीत ओळीओळीची आहे. मराठी गद्यात एक वेलांटी बदलली तरी ती अख्खा परिच्छेद लाल-हिरवा करून टाकते. शब्दशः फरक दाखवण्याचा पर्याय तिथेच आहे. तो मोकळ्या जागांवरून शब्द ओळखतो, त्यामुळे मात्रा आणि अनुस्वार तोडत नाही, आणि मराठीला आहे तसा लागू पडतो. शब्दाची व्याख्या बदलायची असेल तर त्याला आपला स्वतःचा रेजेक्सही देता येतो. दंड आणि अवतरणचिन्हे शब्दांना चिकटून फरकात येऊ नयेत म्हणून तो द्यावा. दंडाचा संकेतांक देवनागरीच्याच पट्ट्यात आहे, तेव्हा ‘पट्ट्यातले सगळे’ म्हटले की तोही शब्दात शिरतो. त्याला नाव घेऊन वगळावे लागते.